बर्डीची केस कोण लिहिणार?

नागपूरच्या माणसाला ‘केस’ हा शब्द काही नवा नाही. उच्च न्यायालयाच्या खंडपीठामुळे वकिलाची केस आणि ‘मेडिकल’मुळे डॉक्टरची केस, या दोन्ही येथे घरोघरी परिचयाच्या आहेत. अलीकडे त्यांत तिसरीची भर पडली आहे. ती व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्याची. व्यवस्थापन महाविद्यालयांत वार्षिक महोत्सवाचे दिवस आले, की वादविवाद व प्रश्नमंजूषा यांच्या जोडीला, किंबहुना त्यांच्याही वर, ‘केस स्टडी स्पर्धे’चा मान असतो. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेला, वडील शिक्षक अथवा एखाद्या कार्यालयात लिपिक असलेला मुलगा एम.बी.ए.ला जातो आणि चार महिन्यांत घरी येऊन सांगतो, की आमच्या गटाने केस सोडवून पहिला क्रमांक मिळविला. आईवडिलांस आनंद होतो. परंतु मुलाने नेमके काय सोडविले आणि त्यामुळे कोणाचे काय सुटले, हे त्यांस उमगत नाही. त्यांचा हा संभ्रम अडाणीपणाचा नाही. तो रास्त आहे.

स्पर्धेचे स्वरूप साधारणतः असे असते. एखाद्या कंपनीची हकीकत दहा-बारा पानांत दिलेली असते. तिचा पूर्वेतिहास, तिचे ताळेबंद, तिचे प्रतिस्पर्धी आणि शेवटी एक पेच: किंमत वाढवावी की नाही, खेड्यापाड्यांत माल न्यावा की नाही, तोट्यातला कारखाना बंद करावा की नाही. तीन-चार जणांच्या गटाने काही तासांत, फार तर एका रात्रीत, त्यावर तोडगा काढावयाचा आणि दहा-पंधरा मिनिटांत तो परीक्षकांपुढे मांडावयाचा. मोठ्या कंपन्याही आता अशा स्पर्धा भरवितात. हिंदुस्थान युनिलिव्हरची ‘लाइम’, महिंद्र समूहाची ‘वॉर रूम’, आदित्य बिर्ला समूहाची ‘स्ट्रॅटोस’, लॉरिआलची ‘ब्रँडस्टॉर्म’ ही नावे विद्यार्थ्यांच्या तोंडी सहज असतात. विजेत्यांस रोख पारितोषिक तर मिळतेच. परंतु कित्येकदा त्याच कंपनीत नोकरीची मुलाखतही मिळते. साहजिकच चुरस मोठी असते.

या स्पर्धांनी आमच्या मुलांचे कितपत हित होते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. आणि तो विचारताना दृष्टी आपल्या सीताबर्डीच्या बाजारावर ठेवली, तर त्याचे उत्तर अधिक स्वच्छ दिसते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तत्पूर्वी ही पद्धती आली कोठून, ते थोडक्यात पाहू.

पद्धतीचा उगम

प्रत्यक्ष प्रकरणांवरून शिकविण्याची रीत अमेरिकेत प्रथम कायद्याच्या शिक्षणात रूढ झाली. हार्वर्ड विद्यापीठाच्या कायदा विभागाचा प्रमुख ख्रिस्तोफर लँगडेल याने १८७० नंतर तेथे नियमांची घोकंपट्टी बाजूस सारून न्यायालयाचे निकाल विद्यार्थ्यांच्या हाती दिले आणि नियम तुम्हीच शोधून काढा, असे सांगितले. त्याच विद्यापीठात १९०८ मध्ये व्यवसायशिक्षणाची शाळा निघाली. १९१९ मध्ये तिची सूत्रे वॉलेस डोनम यांच्याकडे आली. ते स्वतः कायदा शिकलेले असल्याने हीच रीत त्यांनी व्यापाराच्या शिक्षणात आणली. तेथील पहिली लिखित केस १९२१ मधील. ती एका जोडे बनविणाऱ्या कंपनीची होती आणि तिच्यातील पेच अगदी साधा होता: कारखान्यातील कामगार सुटीच्या वेळेआधीच काम थांबवितात, याला काय करावे?

भारतात ही पद्धती रुजली ती प्रामुख्याने अहमदाबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमुळे. १९६१ मध्ये विक्रम साराभाई प्रभृतींच्या पुढाकाराने ती स्थापन झाली आणि आरंभीच्या काळात हार्वर्डचे सहकार्य तिला लाभले. तेथील प्राध्यापकांनी भारतीय कारखाने, सहकारी संस्था, बँका यांत जाऊन शेकडो केसेस लिहिल्या. त्याच अहमदाबादच्या संस्थेच्या मार्गदर्शनाखाली २०१५ मध्ये नागपुरात आय.आय.एम. सुरू झाली आणि मे २०२२ मध्ये मिहानमधील तिच्या कायम वास्तूचे उद्घाटन झाले. म्हणजे या पद्धतीची एक थेट शाखा आता आपल्या वेशीत आहे.

या इतिहासात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मूळ पद्धतीत स्पर्धा नव्हती. वर्गात ऐंशी-नव्वद विद्यार्थी बसत, एकाच केसवर परस्परांशी वाद घालत आणि तास संपला तरी ‘बरोबर उत्तर’ म्हणून काही फळ्यावर लिहिले जात नसे. विद्यार्थ्याने बाहेर पडताना आपल्या मताविषयी थोडे साशंक व्हावे आणि दुसऱ्याच्या मताविषयी थोडे आदरशील, हाच तासाचा लाभ. स्पर्धेचे वळण पुढचे. मॉन्ट्रियल येथील कॉनकॉर्डिया विद्यापीठाच्या एम.बी.ए. विद्यार्थ्यांनी चालविलेली, १९८१ पासूनची स्पर्धा ही या प्रकारातील जुन्या व नामांकित स्पर्धांपैकी एक. वर्गातील चर्चा एकदा रंगमंचावर गेली, की तिला परीक्षक आले, गुण आले आणि अर्थातच विजेता आला. जेथे विजेता ठरवावयाचा असतो, तेथे साशंक राहणे परवडत नाही.

लाभ आणि उणिवा

या स्पर्धांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. आमच्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे पाठांतरावर गुण देण्याची चाल आहे. ‘व्यवस्थापनाची चौदा तत्त्वे सांगा’ या प्रश्नाचे उत्तर लिहून उत्तीर्ण झालेला विद्यार्थी जेव्हा प्रथमच एखाद्या कंपनीचा ताळेबंद हाती घेतो, आकडे जुळवितो, सोबत्याशी भांडतो, वेळ पाळतो आणि अनोळखी परीक्षकांच्या प्रश्नांना उभ्याने उत्तरे देतो, तेव्हा तो काहीतरी खरे शिकत असतो. लहान गावातून आलेल्या, चारचौघांत बोलण्याचा धीर नसलेल्या मुलीने अशा एका स्पर्धेनंतर वर्गात हात वर करावयास सुरुवात केली, असा अनुभव अनेक शिक्षक सांगतील. एवढे झाले तरी स्पर्धेचे सार्थक झाले, असे कोणी म्हटले तर आमची तक्रार नाही.

परंतु उणिवा आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत.

पहिली अशी, की येथे माहिती आयती मिळते. कोणत्या गोष्टी महत्त्वाच्या आणि कोणत्या गौण, ही निवड केस लिहिणाऱ्याने अगोदरच केलेली असते. प्रत्यक्ष व्यवहारात निम्मे काम तेथेच असते. दुकानाचा गल्ला घटला, हे मालकास कळते. तो का घटला, हे कोणी दहा पानांत छापून आणून देत नाही. माहिती शोधण्याचे श्रम वगळून केवळ निर्णयाचा सराव करणे म्हणजे नाडी न पाहता औषधाचे नाव सांगण्यासारखे होय.

दुसरी उणीव वाणीची. दहा मिनिटांच्या सादरीकरणात जो सफाईने इंग्रजी बोलतो आणि ज्याच्या पडद्यावरील तक्ते देखणे असतात, त्याचे पारडे जड होते. बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके यांचा तोच तो चौकोन प्रत्येक गट काढतो. चौकोन भरला, की विचार झाला असे समजले जाते. ज्याचा विचार मराठीत होतो आणि मांडणी इंग्रजीत करावी लागते, त्याला दुहेरी काम पडते. पुन्हा कंपन्यांच्या कित्येक स्पर्धा निवडक संस्थांपुरत्याच खुल्या असतात. विद्यापीठाशी संलग्न अशा सामान्य महाविद्यालयातील विद्यार्थ्याला त्यांत पाय ठेवण्याचीही मुभा नसते. ज्याच्यापाशी संधी आहे, त्यालाच आणखी संधी मिळते.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर. स्पर्धेतील उत्तराचे परिणाम कोणालाच भोगावे लागत नाहीत. ‘तोट्यातला विभाग बंद करावा आणि दोनशे कामगार कमी करावेत’ हे वाक्य पडद्यावर लिहावयास अर्धे मिनिट लागते. ते वाक्य लिहिणाऱ्याने त्या दोनशेंपैकी एकाचेही तोंड पाहिलेले नसते. बावीस-तेवीस वर्षांच्या वयात ही सवय जडली, तर पुढे खुर्ची मिळाल्यावर ती सुटेल, असा भरवसा कोणी द्यावा?

दूरच्या दिव्याचा प्रकाश

या उणिवांच्या मुळाशी एकच कारण आहे. आमच्या विद्यार्थ्यांपुढील केसेस बहुधा त्यांच्या नसतात. त्या मुंबईच्या, बंगळुरूच्या, नाहीतर थेट बोस्टनच्या असतात. मुंबईच्या डबेवाल्यांचेच उदाहरण घ्या. मावळ आणि सह्याद्रीच्या पट्ट्यातील मराठी माणसांनी १८९० पासून चालविलेली ही व्यवस्था. खुणा, रंग आणि आकडे यांच्या साध्या लिपीवर ती चालते. आमच्या वाणिज्य महाविद्यालयांच्या डोळ्यांसमोर ती शंभरांहून अधिक वर्षे होती. हार्वर्डच्या स्टीफन थॉम्के यांनी २०१० मध्ये तिच्यावर केस लिहिली, आणि मग तीच केस आमच्या वर्गांत आदराने वाचली जाऊ लागली. तोपर्यंत आम्ही काय करीत होतो? ‘फोर्ब्स’ने डबेवाल्यांना ‘सिक्स सिग्मा’ प्रमाणपत्र दिले, असे व्यासपीठांवरून सांगत होतो. नियतकालिके अशी प्रमाणपत्रे देत नसतात, एवढी शंकाही फारशा कोणास आली नाही. स्वतः जाऊन मोजण्यापेक्षा दुसऱ्याने केलेली स्तुती उद्धृत करणे सोपे असते.

नागपूरची गोष्ट याहून वेगळी नाही. बर्डीपासून रेल्वेचे रूळ ओलांडले, की एम्प्रेस मिलची जागा येते. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये कंपनी काढली आणि १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू केली. त्या काळी शहाणा भांडवलदार मुंबईतच गिरणी काढीत असे. जमशेटजींनी हिशेब उलटा मांडला. कापूस येथे पिकतो, वरोऱ्याचा कोळसा जवळ आहे, १८६७ पासून रेल्वे आलेली आहे. मग कच्चा माल मुंबईस न्यावा आणि कापड पुन्हा इकडे आणावे, हे कशासाठी? जागा दलदलीची मिळाली. तिच्यात भर घालण्यासाठी पैसे देण्यास एका स्थानिक सावकाराने नकार दिला. हा मनुष्य सोने मातीत पुरतो आहे, असे त्याचे म्हणणे. पुढे त्यानेच कबूल केले, की टाटांनी माती टाकून सोने काढले, अशी आख्यायिका आहे. व्यवस्थापक नेमला तो बेझनजी दादाभाई मेहता, रेल्वेतला मनुष्य, कापडधंद्याचा अनुभव नसलेला. कामगार वारंवार गैरहजर राहात. हार्वर्डच्या त्या जोड्यांच्या कंपनीसारखाच हा पेच, पण त्याच्या चाळीस वर्षे आधीचा. त्यावर केवळ दंडाचा बडगा न उगारता गिरणीने बक्षिसे दिली आणि १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी काढला. याच गिरणीत रिंग पद्धतीच्या चात्या भारतात अगदी आरंभी वापरल्या गेल्या.

ही झाली उभारणीची केस. मोडण्याचीही आहे. १९८६ मध्ये गिरणी टाटांच्या हातून राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये तिचे भोंगे कायमचे थांबले. त्याच जमिनीवर पुढे मॉल उभा राहिला. एवढ्या सव्वाशे वर्षांत व्यवस्थापनशास्त्राचे कोणते प्रकरण आले नाही? जागेची निवड, यंत्रांची निवड, माणसांची निवड, कामगारकल्याण, तंत्रज्ञानाचे वार्धक्य, सरकारची भूमिका, जमिनीची किंमत कारखान्याच्या किमतीहून अधिक होण्याचा क्षण. त्या गिरणीत काम केलेली माणसे आणि त्यांची मुले आजही या शहरात आहेत. त्यांच्याकडून ही हकीकत ऐकून घेण्यास किती विद्यार्थी गेले असतील?

बर्डीचा पेच

एम्प्रेस मिल ही इतिहासजमा झालेली केस. सीताबर्डी ही चालू केस आहे. टेकडीवरील किल्ला आणि १८१७ च्या लढाईमुळे हे नाव इतिहासाच्या पुस्तकात गेले. परंतु नागपूरकरांच्या लेखी बर्डी म्हणजे बाजार. व्हरायटी चौकापासून लोहापुलापर्यंतचा मुख्य रस्ता, त्याला फुटलेल्या मोदीच्या गल्ल्या, कापड, जोडे, तयार कपडे आणि भांडी यांची दुकाने, आणि दुकानांपुढे रस्त्यावर मांडलेली दुसरी दुकाने. मोरभवनच्या स्थानकावर उतरणारा गिऱ्हाईक सणासुदीला आणि शाळा सुरू होण्याच्या सुमारास येथे येतो. ७ मार्च २०१९ रोजी खापरी ते सीताबर्डी मेट्रो सुरू झाली, पुढच्या वर्षी लोकमान्यनगरची बाजू जोडली गेली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी उरलेले मार्ग खुले झाले. दोन्ही मार्गांच्या गाड्या आज बर्डीच्या स्थानकात परस्परांस छेदतात. शहराचा जो मध्य आहे, तोच आता वाहतुकीचाही मध्य झाला आहे.

आणि या मध्यावर एक जुने भांडण आहे. पक्के दुकान असलेला व्यापारी म्हणतो: मी मालमत्ता कर भरतो, जी.एस.टी. भरतो, नोकरांचे पगार देतो. माझ्या दारापुढे कपड्यांचा ढीग मांडून बसणारा यांतले काहीच देत नाही आणि माझे गिऱ्हाईक माझ्या पायरीवरच अडवितो. रस्त्यावरचा विक्रेता म्हणतो: मी येथे बसतो म्हणून स्वस्ताच्या शोधात माणूस बर्डीवर येतो, तो माझ्याकडून रुमाल घेतो आणि तुमच्याकडून साडी, मला उठवाल तर गर्दीही उठेल. गल्लीत राहणारा म्हणतो: घरात कोणी आजारी पडले तर रुग्णवाहिका आत कशी यावी? वाहनवाला गाडी लावण्यास जागा मागतो. महापालिका अतिक्रमण उठविते आणि काही दिवसांत ते पुन्हा बसते. प्रकरण वारंवार न्यायालयाच्या पायरीवरही जाते. यांतील प्रत्येकाचे म्हणणे अंशतः खरे आहे. केस म्हणतात ती यालाच.

कायदा काय म्हणतो, तेही पाहण्यासारखे आहे. रस्त्यावर व्यापार करणे हा घटनेने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे, मात्र त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सोदानसिंग प्रकरणात स्पष्ट केले. पुढे २०१४ मध्ये पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा झाला. त्यानुसार निदान पाच वर्षांतून एकदा विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हावयाचे असते. लोकसंख्येच्या अडीच टक्के या मर्यादेत विक्रेत्यांना जागा द्यावयाची असते. आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात, त्यांतही एक तृतीयांश स्त्रिया. कायद्यातील ही कलमे आणि बर्डीच्या रस्त्यावरची सकाळ यांच्यात जे अंतर आहे, ते मोजणे हे व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्याचे काम नव्हे काय?

भांडवलाचा एक लहानसा हिशेब घ्या. समजा, एखादा विक्रेता सकाळी २,००० रुपये उसने घेऊन माल आणतो आणि संध्याकाळी २,१०० परत करतो. दिवसाचे व्याज शंभर रुपये. वर्षात तीनशे दिवस धंदा झाला, तर तो दोन हजारांच्या भांडवलापायी ३०,००० रुपये व्याज देतो. २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘स्वनिधी’ योजना आणली. तिच्यात आरंभी १०,००० रुपयांचे कर्ज वर्षभराच्या हप्त्यांनी आणि व्याजावर सात टक्के सवलतीने मिळू लागले. कागदावर पाहता कोणताही शहाणा मनुष्य पहिले कर्ज सोडून दुसरे घेईल. प्रत्यक्षात किती जणांनी ते घेतले, ज्यांनी घेतले त्यांचा सावकार सुटला का, आणि ज्यांनी घेतले नाही त्यांना कशाने अडविले? ओळखपत्राने, बँकेच्या वेळेने, की सावकार अडीअडचणीला रात्रीही दार उघडतो या भरवशाने? ताळेबंद वाचणे ज्यास म्हणतात, ते हेच. फरक इतकाच, की हा ताळेबंद छापील नाही. तो दहा वेळा जाऊन, विश्वास संपादन करून, तोंडून ऐकून लिहावा लागतो.

स्पर्धा कशी असावी?

स्पर्धा बंद कराव्यात असे आमचे म्हणणे नाही. त्यांचा विषय, त्यांचा कालावधी आणि त्यांचे परीक्षक बदलावेत, एवढेच सुचवावयाचे आहे. नागपुरातील व्यवस्थापन महाविद्यालयांनी एकत्र येऊन दरवर्षी एक स्पर्धा सीताबर्डीवर घ्यावी. तिचे नियम फार अवघड नाहीत.

गटाला केस दिली जाऊ नये. गटाने ती लिहावी. त्यासाठी तीन तास नव्हेत, तीन महिने द्यावेत. मुख्य रस्त्यावर कोणत्या तासाला किती माणसे चालतात, त्यांतली किती पिशवी घेऊन परततात, मेट्रोतून उतरलेला प्रवासी बाजाराकडे वळतो की थेट घरी जातो, हे उभे राहून मोजावे. गटात निव्वळ एम.बी.ए.चे विद्यार्थी नसावेत. कायद्याचा एक, समाजकार्याचा एक, आणि शक्य तर स्थापत्य अभियांत्रिकीचा एक असावा. मांडणी मराठी, हिंदी अथवा इंग्रजी, ज्या भाषेत विचार नीट होतो त्या भाषेत करण्याची मोकळीक असावी. माहिती देणाऱ्याची संमती घ्यावी आणि त्याची इच्छा असेल तर नाव बदलावे. केस लिहिणाऱ्या नामांकित संस्थाही हा दंडक पाळतात.

परीक्षकांत प्राध्यापकाबरोबर बर्डीचा एक दुकानदार, विक्रेत्यांचा एक प्रतिनिधी, गल्लीत राहणारी एखादी गृहिणी आणि महापालिकेत ही फाईल वर्षानुवर्षे हाताळलेला एखादा लिपिक असावा. शेवटच्या नावाने कोणी हसू नये. प्रस्ताव कोठे अडतो आणि का अडतो, याचे ज्ञान त्याच्याइतके दुसऱ्या कोणास असणार? प्रत्येक गटाने आपल्या तोडग्याच्या शेवटी एक परिच्छेद सक्तीने लिहावा: यात कोणाचे नुकसान होईल, किती होईल आणि ते त्याला तोंडावर सांगण्याची आमची तयारी आहे काय? आणि बक्षिसाचा अर्धा भाग एक वर्षाने द्यावा. सुचविलेल्यांपैकी निदान एखादी लहान गोष्ट, मग ती एका गल्लीतील वेळापत्रकाची का असेना, अमलात आणून तिचे काय झाले हे गटाने सांगितल्यावर.

याला आक्षेप येतील. पहिला आक्षेप नोकरीचा. कंपन्यांच्या स्पर्धेतून मुलाखत मिळते, बर्डीच्या स्पर्धेतून काय मिळणार? ज्या घरात मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढलेले आहे, तेथे हा प्रश्न क्षुद्र ठरत नाही, आणि त्याला तात्त्विक उत्तर देऊन भागणार नाही. परंतु मुलाखतीच्या खोलीची कल्पना करून पाहावी. समोर दहा उमेदवार आहेत. नऊ जणांनी तीच गाजलेली केस, तेच चौकोन काढून सोडविलेली आहे. दहावा सांगतो, की मी तीन महिने एका बाजारात उभा होतो, चारशे माणसांशी बोललो, माझा पहिला अंदाज चुकीचा निघाला आणि तो कशामुळे चुकला ते हे. खेड्यापाड्यांत आणि छोट्या शहरांत माल विकू पाहणाऱ्या कंपनीला यांतला कोण हवा असेल?

दुसरा आक्षेप शिक्षकांचा. तासिकांचे ओझे आणि परीक्षेचे काम यांतून केस लिहिण्यास वेळ कोठून आणावा? हा आक्षेप खरा आहे. यास्तव असे काम महाविद्यालयाने शिक्षकाच्या कार्यभारात धरावे, उपकार म्हणून करवून घेऊ नये. एका शिक्षकाने दोन वर्षांत एक केस नीट लिहून घेतली, तरी दहा महाविद्यालयांतून दहा वर्षांत पन्नास केसेसचा संग्रह तयार होईल. संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळूनही बागायतदाराच्या हाती काय पडले, येथेच सुरू झालेले दिनशॉज आइस्क्रीम देशी-परदेशी स्पर्धेत कसे टिकले, बर्डीच्या जुन्या कापडदुकानात तिसरी पिढी का थांबत नाही, असे विषय दाराशी उभे आहेत.

तिसरा आक्षेप भाषेचा. व्यवस्थापनाची परिभाषा मराठीत कोठे आहे? ती पुस्तकात कमी असेल, पण बाजारात आहे. उधारी, वायदा, गल्ला, घट, पडता भाव, बोहनी, गिऱ्हाईक तोडणे आणि गिऱ्हाईक जोडणे, या प्रत्येक शब्दामागे एक अनुभवसिद्ध संकल्पना आहे. आमच्या विद्यार्थ्याने हे शब्द बर्डीवर ऐकावेत, त्यांचा अर्थ काटेकोरपणे लिहावा आणि मग इंग्रजी पारिभाषिक शब्दांशी त्यांची तुलना करावी. दोन्ही भाषांचा त्यात लाभ आहे.

बर्डीचा प्रश्न आज ना उद्या कोणीतरी सोडविणारच आहे. मेट्रोमुळे जमिनीची किंमत वाढेल, नवे बांधकाम येईल, आराखडे होतील. तो सोडविताना बाहेरून आलेला सल्लागार चार दिवस राहून अहवाल देईल, अथवा येथेच वाढलेली, येथल्या गल्ल्या पायांनी ठाऊक असलेली मुले आपले आकडे पुढे ठेवतील. रस्त्यावर माल मांडणारी बाई आणि तिच्यामागे पायरीवर उभा असलेला दुकानदार, दोघांच्याही पोटाचा हा प्रश्न आहे. व्यवस्थापन शिकविणाऱ्या आणि शिकणाऱ्या नागपूरकरांनी तो ऐकून घेण्यासाठी येत्या महोत्सवाची वाट पाहू नये. मेट्रोचे तिकीट काढून बर्डीला उतरावे आणि वही उघडावी.